शाळेची सभा आणि गुरुजींचा सत्कार

मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला की निमंत्रणपत्रिका छापावयास जाते आणि तिच्यात एक ओळ ठरलेली असते : ‘गावातील शिक्षक-शिक्षिकांचा सत्कार’. शाल, श्रीफळ, एक फूल, चार शब्द आणि टाळ्या, असा तो छोटा सोहळा असतो. तो चांगलाच आहे. त्याविरुद्ध मला काही म्हणावयाचे नाही. परंतु यंदा स्मरणिकेसाठी काही लिहा असा निरोप आला, तेव्हा मनात आले की, शिक्षकांच्या अशा सत्काराची रीत आपल्याकडे कशी पडत गेली, आणि शाळेचा कारभार ज्या सभेत चालतो त्या सभेशी आपणा बायकांचा संबंध केव्हा आला, हे एकदा मांडून पाहावे. विषय वरवर रुक्ष वाटेल. पण ज्या घरातून सकाळी एक तरी पोर दप्तर घेऊन बाहेर पडते, त्या घराचा हा विषय आहे.

प्रथम पैशाची गोष्ट सांगते, कारण शाळा म्हटली की मास्तरांचा पगार आला, आणि तो कोणाच्या घामातून आला हे आपणास ठाऊक असावे. आपल्या इंदापूर तालुक्याचे नाव महसुलाच्या इतिहासात वारंवार येते. इंग्रजी अमलात पहिली आकारणी इतकी जड झाली की रयत जमिनी टाकून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी मोजणी व आकारणी केली. ती १८३६ मध्ये प्रथम आपल्याच तालुक्यात लागू झाली आणि पुढे मुंबई इलाख्यात तीच पद्धत पसरली. साऱ्याचा दर तीस वर्षांसाठी ठरवून देण्यात आला होता. पुढे १८६३ च्या सुमारास या साऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली. १८६९ मध्ये तिला कायद्याचे रूप आले. या पट्टीचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी ठेवला जाई. म्हणजे शेतकरी सरकारात एक रुपया सारा भरी, तेव्हा त्यावर चार पै शाळेसाठी देत असे. बाजरीच्या पिकावर, आभाळाकडे डोळे लावून जगणाऱ्या माणसांनी हे चार पै दिले आहेत. खेड्यातली शाळा ही सरकारने केलेली मेहेरबानी नव्हती. तिच्यात रयतेचा पैसा होता.

पैसा दिला, पण सभेत बसावयास मिळाले का? लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर स्थानिक स्वराज्याची भाषा सुरू झाली आणि १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. म्हणूनच जुनी माणसे प्राथमिक शाळेला ‘बोर्डाची शाळा’ म्हणत. पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळामंडळांकडे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘स्कूल बोर्डा’कडे, सोपविण्यात आला. १९४७ च्या कायद्याने त्या व्यवस्थेची पुन्हा मांडणी झाली. शेवटी १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि बोर्डाची शाळा जिल्हा परिषदेची शाळा झाली. नावे बदलली, पण सभा भरे ती जिल्ह्याच्या ठिकाणी. शाळेविषयी काय ठरले ते गावात कळे, ते मास्तरांची बदली झाली म्हणजे. आणि वरचा मनुष्य गावात येई तो तपासणीपुरता. जुन्या बायका सांगत की, ‘दिपोटी’ येणार म्हटले की शाळेची भुई सारवली जाई, पोरांची डोकी तेलाने चापून बसवली जात, आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागे. मास्तर चांगले की वाईट हे त्या एका दिवसावर ठरे. ज्यांची मुले रोज त्यांच्या हाताखाली शिकत, त्यांना कोणी विचारीत नसे.

आता सत्काराकडे वळू. त्यासाठी पुण्याला जावे लागेल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, हे आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. पुढे ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात जी शाळा निघाली, तिच्या सावित्रीबाई मुख्याध्यापिका होत्या आणि विष्णुपंत मोरेश्वर व विठ्ठल भास्कर हे त्यांचे सहशिक्षक होते. सावित्रीबाई त्या कामाचा मोबदला घेत नसत. या शाळांचा कारभार पाहावयास एक मंडळी होती, हिशेब होता, अहवाल होता. १७ फेब्रुवारी १८५२ रोजी मुलींची परीक्षा झाली. त्यानंतर त्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबागवाड्यात सभा भरली आणि मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शाल देऊन सरकारी सत्कार झाला.

या दोन तारखांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी परीक्षा, मग शाल. मुलींना काय येते हे लोकांनी समोर बसून पाहिले, ऐकले, आणि त्यानंतर सत्कार झाला. नुसते ‘थोर कार्य’ म्हणून कोणी हार घातला नाही. आणि दुसरी गोष्ट, शाल जोतीरावांच्या खांद्यावर पडली, पण रोज त्या वर्गात उभे राहून पाटीवर अक्षर गिरवून घेणारा हात सावित्रीबाईंचा होता. आज राज्याच्या शिक्षक पुरस्काराला त्यांचे नाव आहे आणि ३ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस शाळाशाळांतून साजरा होतो, हे योग्यच झाले.

जोतीरावांनी पुढे १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, ते शाळेच्या कोणत्याही सभेत आजही वाचावे असे आहे. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो, मग त्यातून रयतेच्या मुलांच्या शिक्षणाला इतके थोडे का, असा त्यांचा प्रश्न होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांनी मागितले. पण त्याच निवेदनात त्यांनी खेड्यातल्या मास्तरांचीही बाजू मांडली. मास्तर शिकून तयार झालेले असावेत, त्यांना पोटापुरता नव्हे तर मानाने राहता येईल असा पगार असावा, आणि ज्यांची मुले अधिक संख्येने उत्तीर्ण होतील त्यांना पगाराखेरीज काही खास भत्ता उत्तेजनार्थ मिळावा, अशी त्यांची सूचना होती. शिक्षकाच्या गुणगौरवाची ही मागणी आहे, आणि ती करणारा मनुष्य पगाराचा प्रश्न सोडून शालीकडे गेलेला नाही. पगार आधी, गौरव नंतर. हे आपण विसरता कामा नये.

बायकांचे काय? पुणे नगरपालिकेत सक्तीच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा पैसा अपुरा आहे, सबब आधी मुलग्यांना सक्ती करावी, मुलींचे मागाहून पाहू, असे म्हणणारा पक्ष होता. १९२० च्या सुमारास रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यातल्या स्त्रियांनी याला विरोध केला आणि मुलींनाही सक्ती हवी म्हणून मिरवणूक काढली. ज्या बायकांना नगरपालिकेच्या सभेत बसावयास जागा नव्हती, त्यांनी रस्त्यावर येऊन आपले म्हणणे सभेच्या कानांवर घातले. याच रमाबाईंच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघाले होते आणि तेथे कितीतरी स्त्रिया शिकून शिक्षिका झाल्या. सभेत जागा मागणे आणि शिक्षिका तयार करणे ही दोन्ही कामे त्या बरोबरीने करीत होत्या.

रस्त्यावरून सभागृहात येण्यास फार वर्षे लागली. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. शाळेपुरते बोलावयाचे तर खरा बदल २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने झाला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे सरकारी आणि स्थानिक संस्थेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात निदान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. आपल्या राज्यात या समितीची सभा दरमहा व्हावी, असा नियम आहे. अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेचे काम कसे चालते ते पाहणे, विकास आराखडा करणे, आलेले अनुदान कोठे खर्च झाले ते पाहणे, ही या समितीची कामे. ज्या सभेसाठी पुण्यातल्या बायका रस्त्यावर उतरल्या, ती सभा आता जिल्ह्याहून उठून आपल्या शाळेच्या वर्गात आली आहे, आणि तिच्यात अर्ध्या खुर्च्या आपल्या आहेत.

भगिनींनो, आता मनाला विचारू या. त्या खुर्च्यांवर आपण बसतो का? सभेची सूचना पोराच्या दप्तरातून घरी येते. त्या दिवशी खुरपणी असते, पाहुणे असतात, जनावर व्यालेले असते. मग इतिवृत्ताचे पुस्तकच घरी येते आणि चुलीपुढे बसल्या बसल्या आपण सही करतो; कधी आपल्या नावापुढे घरातला दुसराच कोणी सही करतो. एका गावच्या समितीवर मीही दोन वर्षे होते. पहिल्या वर्षी मी सात सभांच्या इतिवृत्तांवर सह्या केल्या आणि प्रत्यक्ष दोन सभांना बसले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपविले तर या लेखाला अर्थ राहणार नाही. त्या वर्षीच्या सत्कारसमारंभात एका बाईंना शाल मीच दिली, आणि त्यांच्याविषयी बोलावयास उभी राहिले तेव्हा ‘मनमिळाऊ’ आणि ‘कर्तव्यदक्ष’ या दोन शब्दांपलीकडे मला एक वाक्य सुचेना. त्या कोणत्या वर्गाला शिकवितात हेही मला आठवेना. त्यांनी हसून नमस्कार केला. ते हसू मला पुष्कळ दिवस बोचत राहिले.

दुसऱ्या वर्षी मी सभा चुकवल्या नाहीत. तेव्हा कळले की, सभेत मोठी भाषणे लागत नाहीत, साधे प्रश्न लागतात. पटावर किती आणि आज वर्गात किती? मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का? दुपारच्या भाताला डाळ पुरते का? सातवी झालेल्या मुली पुढे कोठे गेल्या? आणि आपल्या भागाचा खास प्रश्न : ऊसतोडीच्या हंगामात बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात कोप्या पडतात, त्या कोप्यांतली मुले कोणाच्या पटावर आहेत? वर्षाच्या मध्येही मुलाला शाळेत दाखल करून घेतले पाहिजे आणि त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात बसविले पाहिजे, असे कायदाच सांगतो. परंतु कोपीतल्या आईला तो कायदा कोण सांगणार? सभेत बसलेल्या बाईनेच ना? असे प्रश्न विचारू लागले की, कोणत्या बाई कोपीवर जाऊन मुले आणतात, कोणते गुरुजी मागे पडलेल्या पोराला शाळा सुटल्यावर थांबवून घेतात, हे आपोआप दिसू लागते.

शिक्षकांचा गौरव देशपातळीवर होऊ लागला त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ मध्ये सुरू झाले, आणि डॉ. राधाकृष्णन् राष्ट्रपती झाल्यावर १९६२ पासून ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन झाला. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. भीमा ओलांडली की माढा तालुका. तेथील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. जग ज्यांना पाहावयास आले ते गुरुजी एका वाडीवरच्या शाळेतले. तेव्हा आपल्या वाड्यावस्त्यांवर पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणावयास जागा नाही. पाहणारे डोळे हवेत.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवते. सत्कार बंद करू नये. त्याची तयारी वर्षभर करावी. मंडळाच्या ज्या भगिनी समितीवर आहेत त्यांच्या घरचे काम सभेच्या दिवशी शेजारणींनी वाटून घ्यावे, म्हणजे त्यांना जाता येईल. इतिवृत्त वाचल्याशिवाय, आणि वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय, सही करू नये. हळदीकुंकवाला जमतो तेव्हा सभेत काय झाले ते पाच मिनिटे सांगावे. आणि वर्धापनदिनी ज्यांना शाल द्यावयाची, त्यांनी वर्षात केलेले एक काम तरी नेमके सांगता आले पाहिजे. दुपारचे जेवण रांधणाऱ्या बायका आणि अंगणवाडीच्या सेविका यांनाही त्या यादीत स्थान असावे. पोराच्या शिक्षणाची सुरुवात त्यांच्याच हातून होते.

चार पै देणाऱ्या शेतकऱ्याला शाळेच्या सभेत जागा नव्हती. आपल्याला आहे. येत्या महिन्याची सूचना पोराच्या दप्तरातून येईल, तेव्हा ती चुलीत न घालता, तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, एवढेच मागणे.