न्यूनत्वाची भावना आणि व्हिएन्नातील मार्गदर्शन केंद्रे

पौगंडावस्थेतील मुलाचा स्वतःवरील विश्वास ढळला म्हणजे दोष त्या मुलातच शोधण्याची प्रवृत्ती जुनी आहे. तिला महत्त्वाचा छेद दिला तो आल्फ्रेड ॲडलर (१८७०-१९३७) यांनी. मराठीत रूढ झालेला ‘न्यूनगंड’ हा शब्द त्यांच्याच विचाराची खूण होय. अवयवांच्या न्यूनतेवर १९०७ मध्ये ग्रंथ लिहिणारे हे वैद्य १९११ मध्ये फ्रॉइड यांच्यापासून विभक्त झाले. न्यूनत्वाची भावना प्रत्येक बालकात असते व ती प्रगतीची प्रेरणाही ठरते. उपेक्षेने वा फाजील लाडाने मात्र ती दृढ होऊन मूल प्रयत्नच सोडते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पहिल्या महायुद्धानंतर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या नगरशासनाने व्हिएन्नात शालेय सुधारणा आरंभिल्या. त्या वातावरणात ॲडलर व त्यांचे सहकारी यांनी शाळांच्या साह्याने मार्गदर्शन केंद्रे चालविली. तेथे पालकांशी व मुलाशी होणारे संभाषण शिक्षकांच्या समक्ष होई. मुलाचे दुःख चारचौघांत उघड करावे काय, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्यांच्या नजरेत मूल उणे ठरले होते, त्यांचीच नजर बदलणे हा उपचाराचा गाभा होता.

१९३४ मध्ये ऑस्ट्रियातील लोकशाही चिरडली गेली आणि ही केंद्रे बंद पडली. पुढे १९६५ मध्ये मॉरिस रोझेनबर्ग यांच्या १० विधानांच्या मापनश्रेणीने किशोरांचा आत्मसन्मान मोजता येऊ लागला. मोजमाप व्यक्तीचे होते. तथापि मुलाला धीर देणारी शाळा टिकण्यास तिला आधार देणारे शासनही लागते, हे व्हिएन्नाच्या इतिहासावरून दिसते.