‘प्रत’ : लेखनिकाकडून छापखान्याकडे

प्रस्तुत टिपणात ‘प्रत’ या संज्ञेचा अर्थविचार रिद्धपूर (जि. अमरावती) येथील महानुभाव वाङ्मयाच्या आधारे केला आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’चे मूळ हस्तलिखित, परंपरेनुसार, परचक्रात नष्ट झाले. अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केल्याने त्याचे अनेक पाठ झाले. पुढे नकला करताना काही शब्द गळाले, काही वाढले. म्हणून हस्तलिखिताची प्रत्येक प्रत ही स्वतंत्र साक्ष ठरते.

मुद्रणव्यवसायाने हीच संज्ञा स्वीकारली. अर्थ मात्र पालटला. ‘मुद्रणप्रत’ म्हणजे जुळाऱ्याच्या हाती दिला जाणारा मजकूर, तर ‘हजार प्रती’ म्हणजे एकाच जुळणीतून निघालेली एकसारखी पुस्तके. येथे प्रत ही केवळ संख्या होय. वि. भि. कोलते संपादित ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र आले : भिन्न प्रती ताडून ठरविलेला पाठ समान प्रतींच्या रूपाने वाचकांपर्यंत पोहोचला.

हा भेद दृष्टीआड झाल्यास ग्रंथ छापला गेला की जुन्या पोथ्यांचे प्रयोजन संपले, असा समज दृढ होतो. वस्तुतः छापील पाठाची परीक्षा त्या पोथ्यांवरूनच करावी लागते. म्हणून वऱ्हाडातील मठांत व घरांत असलेल्या प्रत्येक प्रतीची स्वतंत्र नोंद होणे अगत्याचे आहे.