भारतीय हॉकीपटूंचा सराव बहिष्कार (२०१०)

भारतीय हॉकीपटूंचा सराव बहिष्कार ही जानेवारी २०१०मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे घडलेली घटना आहे. विश्वचषक स्पर्धेपूर्वीच्या राष्ट्रीय शिबिरात दाखल झालेल्या पुरुष संघातील खेळाडूंनी थकीत मानधन आणि प्रोत्साहनपर रक्कम मिळावी, या मागणीसाठी सराव करण्यास नकार दिला. कर्णधार राजपाल सिंग यांच्या नेतृत्वाखालील २२ खेळाडू आणि हॉकी इंडिया ही राष्ट्रीय संघटना यांच्यातील हा वाद १३ जानेवारी २०१० रोजी तडजोडीने मिटला. खेळाडूंची नोंदणीकृत संघटना नसताना झालेली ही सामूहिक कृती भारतीय हॉकीतील मानधन आणि प्रतिनिधित्व या प्रश्नांच्या चर्चेत महत्त्वाची मानली जाते.

पार्श्वभूमी

भारतीय हॉकी महासंघ ही पुरुष हॉकीची जुनी राष्ट्रीय संघटना होती. मार्च २००८मध्ये चिलीची राजधानी सांतियागो येथील पात्रता स्पर्धेत भारत ग्रेट ब्रिटनकडून पराभूत झाला आणि इतिहासात प्रथमच ऑलिंपिकसाठी अपात्र ठरला. त्यापाठोपाठ एप्रिल २००८मध्ये महासंघाचे सचिव के. ज्योतिकुमारन यांच्यावर संघनिवडीसाठी लाच घेतल्याचा आरोप झाला. भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघाला निलंबित केले. ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपद त्या वेळी पुण्याचे सुरेश कलमाडी यांच्याकडे होते.

पुरुष आणि महिला हॉकीसाठी एकच राष्ट्रीय संस्था असावी, असा आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाचा आग्रह होता. त्यानुसार मे २००९मध्ये हॉकी इंडिया स्थापन झाली. जुन्या महासंघाने मात्र आपला दावा सोडला नाही आणि मान्यतेचा वाद न्यायालयात गेला. त्यामुळे २००९ अखेर संघाच्या कारभाराची जबाबदारी एका नवख्या संस्थेकडे होती. तिचे अध्यक्ष ए. के. मट्टू होते, तर संघाचे प्रमुख प्रायोजक सहारा समूह होता.

मैदानावरील स्थिती याच काळात सुधारू लागली होती. एप्रिल २००९मध्ये भारताने सुलतान अझलान शाह चषक जिंकला आणि डिसेंबर २००९मध्ये अर्जेंटिनातील साल्टा येथे झालेल्या चॅम्पियन्स चॅलेंज स्पर्धेत तिसरे स्थान मिळवले. स्पॅनिश प्रशिक्षक होजे ब्रासा यांच्या मार्गदर्शनाखालील संघापुढील मोठे आव्हान २८ फेब्रुवारी २०१० पासून नवी दिल्लीत होणाऱ्या विश्वचषकाचे होते.

उत्पन्नाची रचना

भारतातील हॉकीपटूचे उत्पन्न परंपरेने दोन वेगळ्या ठिकाणांहून येते. नियमित पगार त्याला नोकरी देणाऱ्या संस्थेकडून मिळतो. भारतीय रेल्वे, इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, पंजाब पोलीस आणि सैन्यदले या संस्था खेळाडूंची भरती करतात आणि देशांतर्गत स्पर्धांत आपले संघ उतरवतात. मुंबईतील बॉम्बे गोल्ड कपसारख्या स्पर्धांमध्ये अशाच संस्थांचे संघ प्रामुख्याने दिसतात. राष्ट्रीय शिबिराच्या काळात संस्था खेळाडूला कामातून मोकळे करते.

दुसरा भाग राष्ट्रीय संघाशी संबंधित आहे. त्यात दैनिक भत्ता, विजयानंतरची पारितोषिके, शासनाने जाहीर केलेली बक्षिसे आणि प्रायोजकाच्या पैशातील वाटा यांचा समावेश होतो. क्रिकेटमध्ये नियामक मंडळ खेळाडूशी वार्षिक करार करते आणि सामन्यामागे निश्चित शुल्क देते. २०१०च्या सुमारास हॉकीत अशी ठरलेली, लेखी आणि सर्वांना ठाऊक असलेली व्यवस्था नव्हती.

या रचनेमुळे बालेवाडीतील वाद नेहमीच्या कामगार संघर्षाहून वेगळा ठरला. खेळाडूंची तक्रार आपल्या मालकाविरुद्ध नव्हती. रेल्वे किंवा तेल कंपनी पगार देतच होती. ज्या संस्थेविरुद्ध तक्रार होती ती नियोक्ता नव्हती, पण संघात कोण खेळेल हे तिच्याच हाती होते.

पूर्वीचे प्रसंग

मानधनावरून खेळाडू आणि संघटना यांच्यात खटके उडण्याची ही पहिली वेळ नव्हती. पुण्यातील खडकी येथे जन्मलेले धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने डिसेंबर १९९८मध्ये बँकॉक येथील आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले. १९६६नंतर या स्पर्धेत भारताला मिळालेले हे पहिले सुवर्ण होते. त्यानंतर लगेचच पिल्ले आणि अन्य काही ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. त्यांना विश्रांती दिल्याचे महासंघाने सांगितले. तथापि अपुऱ्या सुविधा आणि तुटपुंजे भत्ते यांविरुद्ध आवाज उठवल्याबद्दलची ही शिक्षा असल्याचे व्यापकपणे मानले गेले. पिल्ले पुढे संघात परतले आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये खेळले.

मागणी पुढे करणारा खेळाडू एकटा पडतो, असा या प्रसंगाचा अर्थ पुढील पिढीने घेतला असल्यास नवल नाही. २०१०मध्ये संपूर्ण संघ एकत्र उभा राहिला, हा दोन्ही घटनांतील ठळक फरक आहे.

घटनाक्रम

विश्वचषकाच्या तयारीसाठीचे शिबिर बालेवाडीतील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात सुरू होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. मागील स्पर्धांतील कामगिरीबद्दलची रक्कम आणि प्रायोजकाकडून संघटनेला मिळणाऱ्या पैशातील वाटा मिळावा, अशी त्यांची मागणी होती. हॉकी इंडियाने आर्थिक अडचणींकडे बोट दाखवत प्रत्येकी २५,००० रुपये देऊ केले. खेळाडूंनी ते नाकारले.

संघटनेने शिस्तभंगाच्या कारवाईचा इशारा दिला, तरी खेळाडूंची एकजूट कायम राहिली. विश्वचषक सात आठवड्यांवर आला होता आणि तो भारतातच होणार होता. या परिस्थितीत संपूर्ण संघ बदलणे संघटनेला परवडण्यासारखे नव्हते. खेळाडूंच्या सौदाशक्तीचे मूळ या वेळापत्रकात होते.

वृत्तपत्रांनी आणि वृत्तवाहिन्यांनी या घटनेला मोठी प्रसिद्धी दिली. राष्ट्रीय खेळ म्हणून लोकमान्यता असलेल्या हॉकीतील खेळाडूंना मानधनासाठी सराव थांबवावा लागतो, याबद्दल सर्वत्र खेद व्यक्त झाला. देशासाठी खेळताना पैशांची अट घालू नये, असा सूरही उमटला. माजी खेळाडू आणि क्रीडाप्रेमींचा मोठा वर्ग मात्र संघाच्या बाजूने होता.

अखेर १३ जानेवारी रोजी तोडगा निघाला. प्रायोजक सहारा समूहाच्या साहाय्याने खेळाडूंसाठी एकूण सुमारे एक कोटी रुपयांची तरतूद मान्य करण्यात आली आणि संघ सरावासाठी मैदानात उतरला.

महिला संघाचा निषेध

पुरुष संघाच्या बहिष्कारापाठोपाठ भोपाळ येथील शिबिरात असलेल्या महिला संघानेही थकबाकीचा प्रश्न मांडला. सुरिंदर कौर यांच्या नेतृत्वाखालील खेळाडूंनी सराव न थांबवता काळ्या फिती लावून निषेध नोंदवला. महिला हॉकीकडे प्रायोजक आणि प्रसारमाध्यमे यांचे लक्ष तुलनेने कमी होते, आणि घरच्या मैदानावरील विश्वचषकासारखी निकड निर्माण करणारी स्पर्धाही त्यांच्यापुढे नव्हती. त्यामुळे पुरुष संघाइतका दबाव निर्माण करणे त्यांना अवघड होते.

परिणाम

विश्वचषकाच्या सलामीच्या सामन्यात भारताने पाकिस्तानचा ४–१ असा पराभव केला. स्पर्धेअखेर संघ आठव्या स्थानावर राहिला. तडजोडीतून थकबाकीचा तात्कालिक प्रश्न सुटला, पण खेळाडूंशी वाटाघाटी करण्याची कायमस्वरूपी यंत्रणा निर्माण झाली नाही.

याचा प्रत्यय सप्टेंबर २०११मध्ये आला. चीनमधील ओरडोस येथे भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला पेनल्टी स्ट्रोकवर हरवून पहिला आशियाई चॅम्पियन्स चषक जिंकला. निर्णायक स्ट्रोक मुंबईच्या युवराज वाल्मीकी यांनी यशस्वी केला होता. मरीन लाइन्स परिसरातील त्यांच्या घरी त्या वेळी वीजसुद्धा नव्हती, ही बाब विजयानंतर प्रकाशात आली. हॉकी इंडियाने विजेत्यांना प्रत्येकी २५,००० रुपयांचे बक्षीस जाहीर केले आणि खेळाडूंनी ते नाकारले. टीकेनंतर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने प्रत्येकी दीड लाख रुपये जाहीर केले.

कायदेशीर स्थिती

कामगार संघटना अधिनियम, १९२६ नुसार किमान सात जणांना संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येत असे. २००१च्या दुरुस्तीने ही अट अधिक कडक झाली. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये संपाची व्याख्या उद्योगात नोकरीस असलेल्यांनी सामूहिकरीत्या काम थांबवणे अशी होती. राष्ट्रीय शिबिरातील खेळाडू हॉकी इंडियाचे नोकर नसल्याने त्यांच्या कृतीला या चौकटीत बसवणे अवघड होते. परिणामी समेट अधिकारी, औद्योगिक न्यायालय किंवा संपाची नोटीस यांपैकी कोणताही टप्पा या वादात आला नाही. दोन्ही अधिनियमांची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली आहे.

भारतात इतर खेळांत खेळाडूंच्या संघटना आहेत. भारतीय फुटबॉलपटूंची संघटना २००६मध्ये स्थापन झाली. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९मध्ये भारतीय क्रिकेटपटूंची संघटना अस्तित्वात आली; तिचे सदस्यत्व निवृत्त खेळाडूंपुरते मर्यादित आहे. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम, २०२५ ने राष्ट्रीय क्रीडा संस्थांत खेळाडू समिती, कार्यकारी मंडळात खेळाडूंचे प्रतिनिधित्व आणि वादनिवारणासाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद केली. खेळाडू समिती ही संस्थेच्या अंतर्गत रचनेचा भाग असते. संस्थेशी समोरासमोर बसून करार करणाऱ्या स्वतंत्र कामगार संघटनेहून तिचे स्वरूप वेगळे आहे.

उत्तर अमेरिकेशी तुलना

खेळाडूंच्या संघटित वाटाघाटींचे बहुचर्चित उदाहरण बर्फावरील हॉकीत आढळते. अमेरिका आणि कॅनडातील नॅशनल हॉकी लीगच्या खेळाडूंची संघटना १९६७मध्ये स्थापन झाली. तेथे खेळाडू हे क्लबचे पगारी नोकर असतात आणि पगाराच्या अटी सामूहिक करारातून ठरतात. करार संपून नवा करार न झाल्यास क्लबमालक टाळेबंदी जाहीर करू शकतात. सप्टेंबर २००४मध्ये सुरू झालेल्या टाळेबंदीमुळे २००४–०५चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. जुलै २००५मधील करारात खेळाडूंना प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर ३.९ कोटी डॉलरची मर्यादा आणि चालू करारांत २४ टक्के कपात स्वीकारावी लागली. २०१२–१३च्या टाळेबंदीनंतर हंगाम ४८ सामन्यांपुरता झाला आणि लीगच्या उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा ५७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आला.

दोन्ही टाळेबंदींत खेळाडूंचा वाटा घटला, यावरून संघटना असणे म्हणजे हमखास विजय नव्हे, हे स्पष्ट होते. मात्र उत्पन्नाचा हिशेब कोणता आणि त्यातील खेळाडूंचा वाटा किती, हे तेथे लेखी करारात नोंदलेले असते. बालेवाडीतील खेळाडूंकडे असा करार नव्हता.

व्यावसायिक लीग आणि नंतरचा काळ

२०१२मध्ये भारतीय हॉकी महासंघ आणि निंबस स्पोर्ट यांनी वर्ल्ड सिरीज हॉकी ही स्पर्धा भरवली. तिला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती. महाराष्ट्रातून मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स हे संघ खेळले. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने पुणे स्ट्रायकर्सचा ५–२ असा पराभव केला. स्पर्धेचा दुसरा हंगाम झाला नाही.

हॉकी इंडियाने २०१३मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू केली. पहिल्या लिलावात सरदार सिंग यांना दिल्ली वेव्हरायडर्सने ७८,००० डॉलरला घेतले. मुंबईचे प्रतिनिधित्व प्रारंभी मुंबई मॅजिशियन्स आणि नंतर दबंग मुंबई या संघांनी केले. २०१७नंतर लीग खंडित झाली आणि डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली. नव्या लिलावात हरमनप्रीत सिंग यांना ७८ लाख रुपयांची, तर प्रथमच घेण्यात आलेल्या महिला लिलावात उदिता दुहान यांना ३२ लाख रुपयांची सर्वोच्च बोली मिळाली.

२०१८पासून ओडिशा शासन राष्ट्रीय संघांचे प्रायोजक आहे. ऑलिंपिक पदक लक्ष्य योजनेतील खेळाडूंना केंद्र शासनाकडून दरमहा ५०,००० रुपयांचा भत्ता मिळतो. २०२२मध्ये हॉकी इंडियाने प्रत्येक विजयासाठी खेळाडूमागे ५०,००० रुपये देण्याचे जाहीर केले. २०१०मध्ये वादास कारणीभूत ठरलेली कामगिरीवरील रक्कम त्यामुळे सामन्यापूर्वीच ठरलेली असते. हे दर संघटनेने जाहीर केलेले आहेत. ते ठरवण्यासाठी सामूहिक वाटाघाटींची स्वतंत्र यंत्रणा नाही.

हेही पहा

हॉकी इंडिया
धनराज पिल्ले
श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल
२०१० पुरुष हॉकी विश्वचषक
हॉकी इंडिया लीग