लगाम कुणाच्या हाती? चाळीसगावचा टांगा आणि तबेल्यातली विद्या



नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरातीवर दगडफेक झाल्याच्या बातम्या आपण अजूनही वाचतो. मार्च 2018 मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातल्या टिंबी गावात एका दलित तरुणाचा खून झाला. पोराने घोडा पाळला आणि तो त्यावर बसत होता म्हणून त्याला मारलं, असं त्याच्या वडिलांनी सांगितलं. घोड्यावर बसण्याच्या हक्कासाठी लढलंच पाहिजे. पण घोड्याची विद्या बसण्यापुरती नसते. खूर, चंदी, पाणी, खरारा, जनावराची भीती ओळखणं, हे सगळं तबेल्यात शिकावं लागतं. ही विद्या जातीने कशी वाटली आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा इतिहास आपल्याला ठाऊक हवा.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून पाहा. घोडे आणि रथ सांभाळण्याचं काम सूतांकडे दिलं आहे. चांडाळांचं धन म्हणजे कुत्री आणि गाढवं, असं ठरवून टाकलं आहे. म्हणजे कुणी कोणत्या जनावराजवळ जायचं, हेसुद्धा जातीने ठरवलं! बरं, घोडा सांभाळणाऱ्या सूताला तरी मान होता का? 'सूतपुत्र' म्हणून कर्णाला भर सभेत हिणवलं गेलं, एवढं उत्तर पुरे.

शिवरायांच्या घोडदळात बारगीर सरकारी घोड्यावर असे, शिलेदार स्वतःच्या. दर 25 घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल यांच्याशिवाय फौज हलत नाही, हे राजांना पक्कं माहीत होतं. पण पुढे इतिहास लिहिणाऱ्यांनी सरदारांची नावं ठेवली, नालबंदाचं ठेवलं नाही. जुन्या मराठीत घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराला मोतद्दार म्हणत, तसंच 'खासदार'ही म्हणत. आज तो शब्द दिल्लीत जाऊन बसला. ते काम करणारा माणूस मात्र तबेल्यातच राहिला.

आपल्या जालना जिल्ह्याचंच घ्या. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईची लढाई झाली. शिंदे-भोसल्यांची छावणी भोकरदनपासून असईपर्यंत केळना नदीकाठी पसरली होती. वेलस्लीच्या जखमी घोड्याचं 'डायोमेड' हे नावही इंग्रजांनी लिहून ठेवलं. पण त्या फौजांमागे गवत कापत, भारे वाहत, रात्री घोडे राखत फिरणाऱ्या हजारो माणसांपैकी किती नावं आपल्याला माहीत आहेत? घोड्याला नाव आहे, त्याला चारा घालणाऱ्याला नाही. गावगाड्यातही तेच. अंमलदार गावात आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं, घोडा धरायचा, चारापाणी बघायचं, हे महारांच्या कामांत होतं. काम सक्तीचं, मान शून्य.

आता अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे चाळीसगावला चला. साल 1929. बाबासाहेब सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करून परतत होते. चाळीसगावच्या बांधवांनी त्यांना महारवाड्यात मुक्कामाला नेण्याचं ठरवलं. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा.

आपल्यातल्याच एका माणसाने लगाम हातात घेतला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. वाटेत एक मोटार अंगावर येता येता वाचली. पुढे नदीवरच्या पुलाला कठडा नव्हता, नुसते अंतराअंतरावर दगड. तिथल्या वळणावर घोडा उधळला. चाक दगडावर आदळलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा नदीत गेला. त्यांच्या पायाचं हाड मोडलं, डिसेंबरअखेरपर्यंत ते अंथरुणाला खिळून होते.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहिला आहे. बॅरिस्टर झालेला अस्पृश्यही टांगेवाल्याला आपल्यापेक्षा खालचा वाटतो, हा त्यातला एक धडा आपण नेहमी सांगतो. दुसरा सांगत नाही. आपल्या लोकांनी पाहुण्याचा मान राखला, पण त्याच्या जिवाच्या सुरक्षिततेचा विचार राहून गेला, हेही बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलं आहे. त्या अनाम बांधवाला दोष देऊ नका. ज्या धंद्यात त्याला शिरूच दिलं नाही, तो धंदा त्याला येणार कुठून? घोडा भित्रं जनावर आहे. लगाम धरणारा हात घाबरला की ते त्याला लगेच कळतं. हा हात सरावानेच तयार होतो आणि जातीने तो सरावच तोडला होता.

काही मित्र विचारतील, बाबासाहेबांनी हलकी कामं सोडा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही आम्हाला लीद काढायला पाठवता? नाही. बाबासाहेबांनी झुगारायला सांगितली ती जन्माने लादलेली कामं. मजुरी ठरवून, शिकून, स्वतः निवडून केलेलं काम वेगळं. बौद्ध परंपरेत सिद्धार्थाच्या कंथक घोड्याबरोबर सारथी छन्नाचंही नाव आदराने घेतलं जातं. केसी नावाच्या घोडे शिकवणाऱ्याशी बुद्धांनी त्याच्याच धंद्याच्या भाषेत संवाद केला. कामाला कमीपणा चिकटवला तो जातीने.

दुसरा प्रश्न येईल. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात माल टेम्पोने येतो, मग घोडा शिकायचा कशाला? टांगे गेले, पण वरातीचे घोडे आहेत, माथेरानला घोडे आहेत, पुण्या-मुंबईला रेसकोर्स आहेत, सारंगखेड्याचा घोडेबाजार आहे. रायडिंगच्या क्लासमध्ये खोगीर कसून तयार घोडा पुढे आणतात आणि तासभर बसवतात. खरी विद्या त्याच्या आधी आणि नंतर असते. रोज चारही खूर उचलून साफ करणं. साधारण दीड-दोन महिन्यांनी नाल बदलणं. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून खाणं थोडं थोडं आणि वेळेवर देणं. पोटशूळ उठला की तो पोटाकडे वळून बघतो, पुन्हा पुन्हा लोळतो, ही खूण ओळखून डॉक्टर बोलावणं. आपली पोरं यात नालबंद होऊ शकतात, प्रशिक्षक होऊ शकतात. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे शिकून डॉक्टरही होऊ शकतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. वरातीत घोड्यावर जरूर बसा, कुणाच्या बापाला घाबरू नका. पण घोड्याजवळ उभं राहायलाही शिका. मान मिळवला आणि कसब दुसऱ्याच्या हाती राहिलं, तर काय होतं ते चाळीसगावच्या पुलावर आपण पाहिलं आहे. 'शिका' म्हणताना बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे फक्त पुस्तकं नव्हती. जी जी विद्या आपल्यापासून दूर ठेवली गेली, ती ती शिकून घ्या.

जय भीम!