परवाना होता, पण तिजोरीसाठी

चेन्नईच्या टी. नगरमध्ये बझलुल्ला रस्त्यावर राजाजींचं, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींचं, घर होतं. मी याच भागात इतिहास शिकवते आणि मद्रासच्या जुन्या कायद्यांचा विषय निघाला की मुलांना आधी त्या घराबद्दल सांगते. तंबाखू विकायला परवाना लागेल, असा मद्रास प्रांताचा कायदा झाला तो 1939 मध्ये, राजाजींच्याच पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळात.

त्याचं मूळ दारूत आहे. ऑक्टोबर 1937 मध्ये राजाजींनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी सुरू केली. अबकारीचं उत्पन्न बुडू लागलं, म्हणून विक्रीवर कर आले. कोण विकतो हे ठाऊक असल्याशिवाय वसुली होत नाही, तेव्हा तंबाखूला कराबरोबर परवानाही आला. विडी ओढणाऱ्याच्या छातीची काळजी त्यामागे नव्हती. त्याही आधी मलबारात कंपनी सरकारने तंबाखूचा मक्ता स्वतःकडे ठेवला होता, तोही पैशासाठीच.

1953 मध्ये, राजाजी पुन्हा मुख्यमंत्री असताना, नवा कायदा झाला आणि परवान्याच्या जागी नोंदणी आली. पण मला खरं निर्णायक वाटतं ते 1957. केंद्राने जादा उत्पादन शुल्क बसवलं. त्यातला वाटा घेऊन राज्यांनी साखर, गिरणीचं कापड आणि तंबाखू यांवरचा विक्रीकर सोडला. कर गेला, तशी तंबाखू विकणाऱ्यांची यादी ठेवण्याची राज्याची गरजही संपली.

इथल्या टपरीला पेट्टिकडै म्हणतात. केळ्यांचा घड, बिस्किटांच्या बरण्या, विड्याची पानं, सुटी सिगारेट आणि ती पेटवायला टांगलेली धुमसती सुंभाची दोरी. शाळा सुटल्यावर माझी मुलं चॉकलेटसाठी जिथे हात पुढे करतात, तिथेच वीतभर अंतरावर सिगारेटची पाकिटं असतात. हे पाहून मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

आरोग्याचा विचार आला तो थेट बंदीच्या रूपाने. तामिळनाडूने 2001 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती न्यायालयात टिकली नाही, म्हणून 2013 मध्ये पुन्हा घातली. तरीही जुलै 2017 मध्ये द्रमुकच्या आमदारांनी विधानसभेतच गुटख्याच्या पुड्या दाखवल्या. ई-सिगारेटवर राज्याने 2018 मध्ये आणि केंद्राने 2019 मध्ये बंदी आणली. सिगारेट-विडीची विक्री मात्र कायदेशीर आहे. 2003 च्या केंद्रीय कायद्यानुसार ती अठरा वर्षांखालच्यांना आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत करता येत नाही. पण विकणाऱ्यांची यादी नसेल, परवानाच नसेल, तर नियम मोडणाऱ्याचं काय काढून घेणार?

सप्टेंबर 2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की तंबाखू विकणाऱ्यांना स्थानिक संस्थांनी परवानगी द्यावी आणि त्या दुकानात चॉकलेट-बिस्किटं विकू देऊ नयेत. ती सूचना मला पूर्ण पटते. टपरीवाल्याचं पोट त्या टपरीवर आहे, म्हणून शुल्क नाममात्र असावं आणि तंबाखू सोडणाऱ्याला पालिकेने दुसऱ्या मालासाठी मदत करावी. तिजोरीसाठी 1939 मध्ये जे करता आलं, ते मुलांसाठी चेन्नई महापालिकेने आता करावं, आणि सुरुवात शाळांच्या रस्त्यांपासून करावी.