कडा: डोळ्यांना दोन अक्षरं, सर्व्हरला नऊ बाईट

आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू: कडा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं हे गाव. डोळ्यांना या नावात दोन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती तीन होतात: क, ड आणि काना. आणि यूटीएफ-८ पद्धतीने सर्व्हरवर साठवली की होतात नऊ बाईट. साठवलेला मराठी मजकूर पानावर दाखवताना नवशिक्यांच्या ज्या अडचणी येतात, त्यातल्या कितीतरी या हिशेबाच्या गोंधळातून येतात. हा गोंधळ आला कुठून, ते आज पाहू.

आधी आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही कड्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी गोळा केल्या. खडी फोडायची कामं, सुकडी, विकलेली गुरं. सांगणारी माणसं सत्तरीच्या पुढची. मजकूर पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून मायएसक्यूएलच्या टेबलात भरला, आणि तो दाखवायला व दुरुस्त करायला पीएचपीच्या दोन छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या. पान उघडलं, तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या! ‘कडा’च्या जागी तीन प्रश्नचिन्हं. मग सगळे करतात तेच आम्ही केलं. फॉन्ट बदलला, ब्राउझर बदलला. दोष तिथे नव्हताच.

आता थोडं मागे जाऊ. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली १९८०च्या दशकात आली, आणि १९९१ साली ती भारतीय मानक झाली. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच. तिच्यातली देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवर बेतलेली आहे. पुढच्याच वर्षी केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ची रचना केली. हे सगळं झालं तेव्हा पीएचपीही नव्हतं आणि मायएसक्यूएलही नव्हतं. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी पीएचपी लोकांसमोर ठेवलं १९९५ साली. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये त्याच वर्षी आलं. म्हणजे बघा, मराठीची जागा आधी ठरली होती, साधनं नंतर आली.

तरी अडलं कुठे? न सांगता जे गृहीत धरलं जातं, तिथे अडलं. मायएसक्यूएल कुणी वेगळं सांगितलं नाही तर मजकूर लॅटिन-१ समजायचं, आणि क्रम लावायचं तो स्वीडिश वर्णमालेचा. २००४च्या ४.१ आवृत्तीत युनिकोडची सोय झाली, पण ती मागावी लागायची. न मागता मिळू लागली ती २०१८च्या ८.० आवृत्तीपासून. मधली चौदा वर्षं सोय होती, फक्त ती मागायची असते हे नवशिक्याला कुणी सांगत नव्हतं.

मजकुराच्या वाटेवर तीन दारं असतात: टेबल, टेबल आणि स्क्रिप्ट यांच्यातली जोडणी, आणि ब्राउझरला जाणारं पान. तिन्हीकडे एकच भाषा ठरलेली हवी. आमचं टेबल यूटीएफ-८ होतं, पानही होतं. मधली जोडणी मात्र लॅटिन-१. तिच्यात ‘क’ला जागाच नाही, म्हणून सर्व्हर दर अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह पाठवत होता. टेबलातला मजकूर शाबूत होता.

आणि इथे आमची खरी चूक झाली. दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये एकेक नोंद उघडली. तिथेही प्रश्नचिन्हंच. म्हटलं, पुन्हा सेव्ह केलं की येईल. सेव्ह केलं, आणि नुसती दिसणारी प्रश्नचिन्हं टेबलात जाऊन बसली. शाबूत मजकूर आम्हीच पुसला.

म्हणून पहिला नियम: काहीही सेव्ह करण्याआधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा. दुसरा: पानावर विश्वास ठेवू नका, टेबलाला विचारा. मायएसक्यूएलमध्ये हेक्स नावाचं फंक्शन आहे, ते साठवलेले बाईट जसेच्या तसे दाखवतं. देवनागरी अक्षर ‘ई०ए४’ किंवा ‘ई०ए५’ने सुरू होत असेल तर मजकूर सुखरूप आहे. जोडणी होताच सेट-कॅरसेटने ‘यूटीएफ८एमबी४’ मागा, काम झालं. ‘सी३ए०’ने सुरुवात होत असेल तर मजकूर दोनदा रूपांतरित झालाय. पानावर तो चमत्कारिक रोमन चिन्हांसारखा दिसतो, पण बहुतेक वेळा उलट्या वाटेने परत आणता येतो. आणि अक्षरांच्या जागी नुसतं ‘३एफ’, ‘३एफ’ दिसलं तर ती खरीच प्रश्नचिन्हं आहेत. तिथून मागे वाट नाही, जुनी प्रत हाच उपाय.

उतारा अर्ध्यावर तोडल्यावर शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येत असेल, तर सबस्ट्र तपासा. ते बाईट मोजतं. ‘कडा’चे पहिले चार मागितले तर ‘ड’ मधोमध कापला जातो. एमबी-सबस्ट्र वापरा.

मराठवाड्याला ही गोष्ट नवी नाही. निजामाच्या काळातल्या इथल्या कितीतरी नोंदी उर्दूत आणि मोडीत आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात त्या वाचणारी माणसं शोधावी लागली. कागद शाबूत होते, वाचणारे कमी उरले होते. न वाचता येणारा कागद कुणी निरुपयोगी समजून रद्दीत घातला असता, तर पुढे वाचणारा मिळूनही उपयोग नव्हता. आम्ही नेमकं तेच केलं.

बहुतेक आठवणी वहीवरून पुन्हा टाइप केल्या. दोन आजींचं बोलणं मात्र थेट टाइप केलं होतं, वहीत नव्हतंच. दोघीही आता नाहीत.

तेव्हा प्रश्नचिन्हं दिसली तर आधी हात थांबवा, मग विचारा: मजकूर गेलाय, की नुसता दिसत नाहीये? इथे थांबू. तुमच्याकडे काही अडलं असेल तर विचारा.