लाल अस्तराची कुळकथा

नांदेड-लातूरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांपुढे उभी असलेली गेटं, ग्रिल आणि शेडच्या कैच्या बहुतेक एकाच रंगाच्या दिसतात: विटकरी लाल. वरून मग काळा, निळा, हवा तो ऑइलपेंट बसतो; खालचं अस्तर मात्र रेड ऑक्साइडचंच. या लालाचं घराणं दिसतं त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे.

त्याचा मूळपुरुष शेंदूर. माहूरच्या रेणुकामातेचा तांदळा शेंदूरचर्चित आहे, गावोगावचे मारुती आणि म्हसोबाही तसेच. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, तेलात कालवलेलं. एकोणिसाव्या शतकात पूल आणि जहाजं लोखंडाची होऊ लागली, तेव्हा त्यांनाही शेंदूरच लागला. तो कालवायला जवसाचं तेल, म्हणजे आपल्याकडे रब्बीत येणाऱ्या आणि चटणीत जाणाऱ्या जवसाचंच. या तेलातली आम्लं शिशाशी मिळून अशी संयुगं बनवतात, की लोखंडाचं गंजणं मंदावतं. शिवाय तेल उरल्यासुरल्या गंजात मुरतं. त्यामुळे घासण्यात थोडी कसूर राहिली तरी शेंदूर सांभाळून घेई.

मराठवाड्यात मोठं लोखंडकाम रेल्वेने आणलं. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मार्ग नांदेडवरून गेला; १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. भारतीय रेल्वेच्या गर्डरांना रंग देण्याची एक रूढ पद्धत अशी होती: खाली शेंदराचं अस्तर आणि वर रेड ऑक्साइडचे दोन हात. म्हणजे रेड ऑक्साइड इथे वरचा रंग होता. त्याचं काम ऊन-पाऊस अंगावर घेण्याचं. गंज रोखण्याची जबाबदारी खालच्या शेंदराची.

शिसं विषारी, म्हणून शेंदूर मागे पडत गेला. घरगुती रंगांत तर १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. अस्तराच्या जागेवर उरला तो स्वस्त रेड ऑक्साइड. रंग साधारण तसाच लाल, म्हणून गुणही तसाच असेल असा समज झाला. खरं तर रेड ऑक्साइड हा गेरूचा भाऊबंद, लोहाचं ऑक्साइड. गंजही त्याच कुळातला. लोखंडाशी त्याची काही रासायनिक देवाणघेवाण होत नाही. तो फक्त आडोसा धरतो, आणि खाली गंज राहिला असेल तर स्वतःच्या रंगात लपवतो.

ही उणीव भरून काढायला त्यात झिंक क्रोमेट मिसळू लागले. तेही कर्करोगकारक ठरलं, आणि त्याची जागा १९६० च्या दशकानंतर झिंक फॉस्फेटने घेतली. म्हणून डबा घेताना नुसतं ‘रेड ऑक्साइड’ वाचून थांबू नये. ‘झिंक फॉस्फेट’ हे शब्द शोधावेत.

दुसरं घराणं जस्ताचं. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचं पेटंट घेतलं. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं, म्हणून ओरखडा गेला तरी आतलं लोखंड काही काळ तगतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या तात्पुरत्या निवाऱ्यांमुळे पत्रा इथल्या घराघराला ठाऊक आहे. मात्र नव्या जस्ती पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारला तर पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. आधी जस्तासाठीचं खास प्रायमर लागतं.

मराठवाड्याची कोरडी हवा लोखंडाला मानवते. गंज धरतो तो पाणी थांबतं तिथे: खांबाच्या बुडाशी, टाकीच्या स्टँडच्या सांध्यात, वेल्डिंगच्या खाचेत. पाण्याशी रोजचा संबंध असलेल्या कामाला जस्त किंवा इपॉक्सी घ्यावं. खिडकीच्या ग्रिलला झिंक फॉस्फेटचं अस्तर पुरतं. पण तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि थिनरचं फडकं दोन्हीकडे आधी फिरलंच पाहिजे. शेंदूर घासणाऱ्याचा आळस पोटात घालत असे; आजच्या नेहमीच्या अस्तरांना ते जमत नाही. काटकसर करायचीच असेल तर वरच्या रंगात करावी, घासण्याच्या मजुरीत नको.